लेकराचं का ढोराचं?

वर्ध्याच्या कोर्टात मी वकिली सुरू केली तेव्हा बाररूममध्ये माझं नाव पडलं होतं लेबलवाला. बाकीच्यांकडे खून होते, मारामाऱ्या होत्या, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून पेटलेली भावकी होती. माझ्याकडे विडीच्या कट्ट्यांवरचे कागद होते, साबणाची वेष्टनं होती, हिंगणघाटच्या कापसाच्या गाठींवर मारायच्या खुणा होत्या. एक ज्येष्ठ वकील मला पाहिलं की विचारायचे, “काय, आज कोन्त्या साबणाचा खून झाला?” आणि आपणच मांडीवर थाप मारून हसायचे. मला राग यायचा. मी मुंबईला व्यापारचिन्हांच्या एका वकिलाकडे काही वर्षं उमेदवारी करून आलो होतो, आणि तिथे या कामासाठी लोक ताटकळत बसायचे.

वडिलांना तर हे काम कधीच पटलं नाही. ते शेतकरी माणूस. “चित्रासाठी भांडाले वकील काऊन लागते?” असं ते जेवताना विचारायचे. मी त्यांना उत्तर देत बसायचो नाही, कारण उत्तर आमच्याच घरात होतं. फडताळाच्या दाराला आतून आईने खळीनं चिकटवलेली चित्रं होती. मोर, कमळ, कंदील, हत्ती. चहा कोणता, नीळ कोणती, डोकेदुखीची पुडी कोणती, सगळं तिला त्या दारावरून कळायचं. आमच्या भागात माल अक्षरांवर विकला जात नव्हता. लोक मोर मागायचे, कंदील मागायचे.

आणखी एक रीत होती. बाजाराला पुरुष माणूस जायचा, पण काय आणायचं ते घरातली बाई ठरवायची. मग ती संपलेल्या पुडीवरचं चित्र नीट फाडून ठेवायची, पदराच्या गाठीत जपायची, आणि बाजाराला निघालेल्या माणसाच्या हातात द्यायची. तो ते टोपीत नाहीतर बंडीच्या खिशात घालायचा आणि दुकानासमोर गेला की काढून दाखवायचा. दुकानदार चित्र बघून पुडी द्यायचा. तोंड उघडायचं काम नव्हतं. मला ही रीत फार आवडायची. आमच्या धंद्याचा सगळा कायदाच त्या चिटोऱ्यात आहे, असं मी ऐटीत सांगायचो. पुढे मला त्याच चिटोऱ्याची भीती वाटायला लागली.

एक दिवस सेलूहून एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, नऊवारी नेसलेल्या, आवाज खणखणीत. मी त्यांना काकू म्हणायला लागलो आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. त्यांचे सासरे वैद्य होते. तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवर ते एक चूर्ण करायचे: ओवा, बडीशेप, बाळहिरडा, सैंधव आणि आणखी एक-दोन गोष्टी, ज्या काकूंनी मला कधी सांगितल्या नाहीत. सासरे गेले, मग नवरा गेला, चूर्ण काकूंनी चालू ठेवलं. पिवळ्या कागदाची पुडी, तिच्यावर फांदीवर बसलेला हिरवा पोपट. सेलूपासून पार हिंगणघाटच्या पलीकडपर्यंत बाया त्याला मिठूची पुडी म्हणत. बाळ रडायला लागलं की घरात पहिली आठवण मिठूची व्हायची.

काकूंनी एक नोटीस माझ्या टेबलावर ठेवली. परमुलखातल्या कोणा कंपनीची होती. कंपनी गुरांच्या अंगावरचे गोचीड मारायची विषारी पावडर करत होती, तिच्या पुडीवर पोपट होता, तो पोपट तिने सरकारदरबारी नोंदवून घेतला होता, आणि आता ती काकूंना बजावत होती की आमचा पोपट वापरणं बंद करा. मी कायदा समजावून सांगायला सुरुवात केली.

“नोटीस राहू द्या,” काकू म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी आणखी एक पुडी काढली आणि आपल्या पुडीशेजारी ठेवली. “सांगा बरं, माह्यी कोनती?”

तेवढाच आकार, तोच पिवळा कागद, तसाच हिरवा पोपट. मी एका पुडीवर बोट ठेवलं.

“वाचून सांगतलं तुम्ही,” काकू म्हणाल्या. “वाचता येत नाई असं समजा, आन मंग सांगा.”

मी पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिल्यावर एवढंच सापडलं की काकूंचा पोपट डावीकडे बघत होता आणि विषाचा उजवीकडे. कंपनीने जाणूनबुजून नक्कल केली होती, की छापखान्यांतले तयार ठोकळेच सारखे होते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

“हे एखाद्याच्या लेकराच्या तोंडात गेलं त?” काकू म्हणाल्या. “लोकं माह्यंच नाव घेतीन. नावाचं जाऊ द्या, वकीलसाहेब. लेकरू जाईन.”

कायद्याने सगळ्या मालाचे वर्ग पाडले आहेत. वर्ग पाचात औषधं येतात, तान्ह्या मुलांचं खाणं येतं, आणि त्याच ओळीत पुढे किडे-उंदीर मारायची विषंही येतात. मुंबईत ही यादी मला तोंडपाठ होती आणि तिच्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी ती काकूंना मराठीत सांगताना मी मध्येच थांबलो. कंपनीच्या पोपटाची जाहिरात सरकारी जर्नलमध्ये रीतसर आली होती, हरकत घ्यायची मुदतही रीतसर संपली होती. सेलूत ते जर्नल कोण वाचणार होतं?

कंपनीचाच पोपट बंद करावा असा दावा करायचा तर पुरावा हवा, म्हणून मी काकूंबरोबर हिंगणघाटकडच्या एका आठवडी बाजाराला गेलो. ताडपत्रीखाली एक दुकान होतं. मीठ, मिरची, दोरखंड, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि पुढ्यातल्या एकाच पाटीत दोन्ही पुड्या. दुकानदार भला माणूस होता. आम्ही का आलो ते ऐकून तो जरा दुखावलाच.

“चित्र आनते ना लोकं, ते हातात घेतलं का मी पह्यले इचारतो,” तो म्हणाला. “लेकराचं का ढोराचं? मंगच देतो.”

“आणि नाही विचारलं तर?”

“काऊन नाई इचारन? मले का लेकरं नाईत?”

आम्ही बाजूला उभे राहून पाहिलं. तो खरंच विचारत होता. माणसं चित्र पुढे करायची, तो म्हणायचा, “लेकराचं का ढोराचं?” आणि त्या उत्तरावर त्याचा हात पाटीच्या या बाजूला नाहीतर त्या बाजूला जायचा. दुपारनंतर गर्दी वाढली. एकाच्या खांद्यावर नवीन दोरखंड होतं. त्याने चित्र दाखवलं तेव्हा दुकानदार दुसऱ्या कोणाशी बोलत होता. त्याने दोरखंडाकडे बघितलं आणि न विचारता गोचिडाची पुडी दिली. बरोबर दिली. तो माणूस बैलासाठीच आला होता. पण तो अंदाज होता, आणि काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

विषाच्या पुडीच्या कोपऱ्यात लाल चौकोन होता, विषाची खूण म्हणून कायद्याने घालावाच लागतो तो. मी एका शेतकऱ्याला विचारलं, हे काय आहे? “सरकारचा शिक्का,” तो म्हणाला. “असली माल हाय म्हून मारते.” परत येताना आम्ही एसटीत बसलो. खिडकीतून पऱ्हाटीची शेतं मागे जात होती आणि माझ्या मनात सारखं येत होतं की सगळा जिल्हा एका माणसाच्या एका प्रश्नावर टेकून बसला आहे.

खटला उभा राहिला. कंपनीने नागपूरहून मोठा वकील आणला होता. इंग्रजी सुरेख, हसणं त्याहून सुरेख. मी गावागावांतून जुनी चित्रं गोळा करून आणली होती, कंपनी जन्मालाही आली नव्हती तेव्हाची. एका म्हाताऱ्या बाईला साक्षीला उभं केलं. तिने पदराची गाठ सोडली आणि घडी पडून मऊ झालेला काकूंचा पोपट न्यायाधीशांपुढे ठेवला.

“गोचिडाची पावडर कोणी बाळाला पाजतं का हो, आजीबाई?” नागपूरच्या वकिलांनी विचारलं.

“पाजीन काऊन?” आजी चिडून म्हणाली. कोर्टात हशा पिकला. मला त्या हसण्याचा इतका संताप आला, की हातातला कागद चुरगळला.

न्यायाधीश विचारी गृहस्थ होते, इकडचे नव्हते. ते हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, “असा प्रकार आजवर घडला आहे का?”

“आजवर नाही,” मी म्हणालो.

“मग नुसत्या भीतीवर मी हुकूम कसा देऊ?”

निकाल आमच्या बाजूने लागला. काकूंचा वापर जुना, म्हणून त्यांचा पोपट कोणी काढून घेऊ शकत नाही. कंपनीची नोंद मात्र या कोर्टात मोडता येणार नाही. तिच्यासाठी मुंबईला नोंदणी कार्यालयात वेगळा अर्ज करावा. म्हणजे दोघांनीही आपापला पोपट वापरावा. बाररूममध्ये पेढे आले. साबणाचा खून विचारणारे ज्येष्ठ वकील उठून माझ्यापाशी आले आणि माझी पाठ थोपटली. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल चांगलाच होता, आजही मी तेच म्हणेन.

काकू व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. मी पेढा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

“म्हंजे दोन्ही मिठू राहीन?”

“हो, काकू. पण आपण जिंकलो.”

“मंग हारलं कोन?” त्या म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात काकूंनी निरोप पाठवून मला सेलूला बोलावलं. घराच्या पडवीत पुड्या बांधायचं काम चालू होतं. पुडीचा कागद आता पांढरा होता आणि त्यावर पाळणा होता. सासऱ्यांचा पोपट त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकला होता.

मी रागावलो. ज्या चित्रासाठी मी एवढा भांडलो ते या बाईने मला न विचारता सोडून दिलं होतं. पण रागापेक्षा मला भीती जास्त वाटली. “काकू, नीट ऐका,” मी म्हणालो. “तुमचा मिठू गेला की दुकानात एकच मिठू राहील. घराघरांत तर तुमचंच चित्र ठेवलेलं आहे. ते घेऊन माणूस दुकानात गेला की त्याला काय मिळणार?”

“मले समजत नाई का?” काकू म्हणाल्या. “म्हून तर जमा करून राह्यली.” त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. पोतं पोपटांनी अर्धं भरलं होतं. नवे, जुने, तेलकट, धुराने काळवंडलेले, भिंतीवरून खरवडताना फाटलेले. काकू गावोगाव जात होत्या. मिठूचं चित्र द्या आणि पाळण्याची पुडी फुकट घ्या, असं दारोदार सांगत होत्या. आणलेली चित्रं त्या ओवा भाजायच्या चुलीत घालायच्या. मी असतानाच त्यांनी एक ओंजळ घातली.

“अर्ज केला आहे ना मुंबईला,” मी म्हणालो. “नोंद रद्द होईल.”

“होईन. तवरोक लेकरं थांबतीन का रडाची?”

मुंबईच्या अर्जावर तारखा पडत राहिल्या. कधी कंपनीला मुदत हवी असायची, कधी अधिकारी बदललेला असायचा. मी जाऊन यायचो आणि काकूंना पुढची तारीख सांगायचो. त्या मान हलवायच्या. पाळण्याची पुडी खपत नव्हती. बाया म्हणायच्या, हे काही मिठूचं नाही, हे नकली आहे.

काही काळाने मी पुन्हा त्या बाजाराला गेलो. ताडपत्री तीच, माणूस तोच. पाटीत पोपटाच्या पुड्यांचा एकच ढीग होता. एक गिऱ्हाईक आलं, त्याने चित्र दाखवलं, दुकानदाराने पुडी दिली. मी पुढे झालो. “अहो, विचारलं नाही तुम्ही?”

“आता काय इचारू?” तो साधेपणाने म्हणाला. “एकच त माल हाय.”

मी त्याला पुन्हा सगळं समजावलं. त्याला ते पटलं, त्याने कानाला हात लावला, आणि मी उभा होतो तोवर तो विचारतही राहिला. पण बाजारात आता आणखी दुकानं झाली होती. तिथे कोणाला तो प्रश्नच माहीत नव्हता.

मग ते घडलं, आणि घडलं ते काकूंच्याच लेकीच्या घरी. ती हिंगणघाटच्या बाजूला दिली होती. लग्नात नेलेल्या पेटीच्या झाकणाला तिने आतून आईचा पोपट चिकटवला होता, माहेरची आठवण म्हणून. तिला मूल झालं. एक दिवस घरातलं चूर्ण संपलेलं असताना ते पोट आवळून रडायला लागलं. ती बाळाला खांद्यावर घेऊन फिरत असताना सासूने पेटी उघडली, चित्र सोडवलं आणि बाजाराला निघालेल्या दिराच्या हातात दिलं. सासूचं काय चुकलं? पिढ्यान्‌पिढ्या तसंच करत आले होते. दीर पुडी घेऊन आला. सासूने चमच्यात दूध काढून ठेवलं. लेकीने पुडी फोडली आणि तिला वास आला, दमट, कुबट, भलताच. तिचं लहानपण ओवा आणि हिरडा कुटण्यात गेलं होतं. तिने पुडी अंगणात फेकली आणि तीन वेळा हात धुतले.

काकूंनी तो पोपट माझ्या टेबलावर आणून ठेवला. “गावागावचे जमा केले,” त्या म्हणाल्या. “घरचा इसरली.” मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. मग त्यांनी डोळे पुसले. “माह्या पोरीले वास समजला, वकीलसाहेब. बाकीच्याईच्या पोरीले कसा समजन?”

मी तडक कोर्टात अर्ज केला. आता घडलं होतं ना? न्यायाधीश बदलले होते. नव्यांनी कागद वाचले आणि विचारलं, “बाळ सुखरूप आहे?”

“आहे, साहेब.”

“मग झालं काहीच नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं, आणि ते खोटं नव्हतं. कायद्याला काही तरी झालेलं लागतं. ते होईपर्यंत वाट पाहायची, आणि मग आम्हाला हुकूम मिळेल. त्या दिवशी मी काळा कोट काढून खुंटीवर टांगला. मला माझ्या धंद्याची किळस आली होती.

त्यानंतर काकू बाजारात जाऊन बसायला लागल्या. ताडपत्रीच्या त्या दुकानाशेजारी पोतं अंथरून बसायच्या, आणि कोणाच्या हातात पोपट दिसला की मोठ्याने विचारायच्या, “लेकराचं का ढोराचं?” दुकानदार त्यांना पाणी द्यायचा, ऊन आलं की ताडपत्री ओढून द्यायचा. बाकीच्या दुकानांवरूनही त्या मधूनमधून फेरी मारून यायच्या. टवाळ लोक त्यांना जहराची राखणदारीण म्हणायचे. त्यांना कशाचंच काही नव्हतं. कोणी “लेकराचं” म्हटलं की चित्र काढून घ्यायच्या, पाळण्याची पुडी हातात ठेवायच्या आणि ते चित्र कमरेच्या पिशवीत टाकायच्या. संध्याकाळी मला भेटल्या तर फक्त सांगायच्या, आज मिठू घेऊन आलते. कधी म्हणायच्या, आज कोनी नाई आलं. दुसरं उत्तर ऐकलं की मला बरं वाटायचं आणि त्यांना वाटायचं नाही. “आला नाई म्हंजे दुसऱ्या बाजारी गेला असन,” असं त्या म्हणायच्या.

असं किती वर्षं चाललं, ते मी मोजलं नाही. काकू थकल्या, काठी आली, तरी बाजार चुकला नाही.

मग एकदा हिंगणघाटच्या कोर्टातलं काम लवकर आटोपलं म्हणून मी बाजारावरून आलो. दुरून ताडपत्री दिसली. शेजारी पोतं नव्हतं. काकू त्याच सकाळी गेल्या होत्या, हे मला घरी पोचल्यावर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की जागा रिकामी आहे, आणि दुकानासमोर एक तरुण माणूस घाईत उभा आहे. त्याने बंडीच्या खिशातून काही तरी काढून तळहातावर धरलं. मी जवळ गेलो. कागद जुना होता, घड्यांवर फाटायला आलेला. पोपट डावीकडे बघत होता.

दुकानदार कोणाला तरी मीठ मोजून देत होता. त्याने नुसती नजर टाकली, मोकळा हात पाटीकडे नेला आणि पुडी पुढे सरकवली. त्या माणसाने ती उचलली आणि वळला.

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की आजूबाजूची माणसं थांबली. “लेकराचं का ढोराचं?”

तो गोंधळून माझ्याकडे, माझ्या काळ्या कोटाकडे बघत राहिला.

“लेकराचं,” तो म्हणाला. “काऊन?”